लताचा सोऱ्या, माझी गच्ची

३ एप्रिल, गुरुवार

ही डायरी द्राक्षाच्या औषधवाल्यांची आहे. सायखेड्याच्या माझ्या भावाला दुकानातून फुकट मिळते आणि तो दरवर्षी मला आणून देतो. प्रत्येक पानाच्या तळाशी बागेची एक सूचना छापलेली. आजवर मी तिच्यात भाजीच्या याद्या केल्या. पण परवा डॉक्टर म्हणाले, "ज्योत्स्नाताई, तुमचं बीपी नुसत्या गोळ्यांनी उतरणार नाही. डोक्यात जे फिरतं ते रोज लिहून काढा." आता डोक्यात काय एक फिरतं का? गॅस बंद केला का, गच्चीचं दार लावलं का, यांनी हेल्मेट घातलं का, आणि सगळ्यांच्या वर आरोही.

आरोहीला सत्तावीस पूर्ण झाली. पुण्यात नोकरी, सायली नावाच्या मैत्रिणीबरोबर फ्लॅट, तीन वर्षं झाली. दोघींनी मिळून मोठा फ्रीज घेतला. मी फोनवर म्हटलं, "अगं, उद्या तुमची लग्नं झाली की तो फ्रीज मधून कापणार का?" तर आरोही गप्प, आणि मागून ती सायली खो-खो हसली. हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

कुरडयांचे रविवार ठरले. आमच्या सिडकोतल्या गल्लीत आम्ही सहा घरं मिळून करतो, बावीस वर्षं झाली. जिच्या घरची कुरडई तिनं तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, आणि पहाटे पाचला बाकीच्या पाचजणी दारात. एकटीचं ते कामच नाही. एकीनं आधणात चीक ओतायचा, दोघींनी काठीनं ढवळत हाटायचा, नाहीतर गुठळ्या होतात. आणि चीक कोणासाठी थांबत नाही, एक दिवस पुढे गेला की आंबून वाया. सोऱ्या समोरच्या लताचा, तिच्या माहेरचा, नांदगावचा पितळी. एवढा मोठा गल्लीत दुसरा नाही. गच्ची माझी, कारण तिच्यावर दिवसभर ऊन. सहाही घरच्या कुरडया तिथंच वाळतात. वयानं मोठ्या साळूबाईंचा नंबर पहिला, लताचा वीस तारखेला, माझा सत्तावीसला. आरोही माझ्या दिवशी न चुकता येते, वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून खायला.

६ एप्रिल, रविवार

साळूबाईंकडे झालं. आमच्या डावखुऱ्या पोरीची आठवण निघाली. आरोही लहानपणी सोऱ्या धरायला लागली तेव्हा तिच्या कुरडया उलट्या बाजूनं फिरायच्या, अजूनही फिरतात. शेजारची रोशनी चिडवायची. तेव्हा साळूबाई म्हणाल्या होत्या, "फिरू दे तिला कशी फिरवायची ती. तेलात गेल्यावर कोण पाहतंय!"

तेवढ्यात लता सोऱ्या दाबता दाबता म्हणाली, "वरची खोली दिली बरं का. ललित आणि दीपक म्हणून दोन मुलं आहेत. एक लॅबमध्ये आहे, एक क्लासमध्ये शिकवतो."

रोशनीनं विचारलं, "भाऊ भाऊ?"

"नाही. जोडी आहे."

जळगावचे आहेत म्हणावं तितक्या सहज म्हणाली. मला आधी वाटलं, ती थट्टा करतेय, म्हणून मी हसले. मग कोणीच हसेना. साळूबाई म्हणाल्या, "हात चालवा गं, चीक गार होतोय."

९ एप्रिल, बुधवार

गल्लीत दुसरा विषय नाही. दुपारी लताकडे गेले. ती डबे घासत होती.

मी म्हटलं, "तुला आधीच माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं. लपून राहायचा कंटाळा आलाय म्हणाले."

"आणि तरी दिलीस? गल्लीत लहान पोरं आहेत, लता."

"मग? ती दोघं सकाळी कामावर जातात, संध्याकाळी येतात, नळावर रांगेत उभी राहतात. कोर्टानं गुन्हा नाही म्हटलं त्याला किती वर्षं झाली. आपण कोण त्यांना हाकलणारे?"

"मी तुझी बावीस वर्षांची मैत्रीण आहे, म्हणून तोंडावर सांगतेय. मला हे पटत नाही. किळस येते मला."

लता घासायची थांबली. म्हणाली, "ज्योत्स्ने, शब्द जपून वापर. उद्या तुझ्याच घरातलं कोणी असलं तर?"

मी ताडकन म्हटलं, "माझ्या घरात असलं काही नाही."

तिनं हातातला डबा खाली ठेवला. मला वाटलं आता भांडेल. पण तिनं परत तोच डबा घासायला घेतला, घासून झालेला. मी चहा न घेताच आले. तिच्याकडून चहा न घेता येण्याची ही पहिली वेळ.

१० एप्रिल, गुरुवार

रोशनीच्या डोक्यातून निघालं, पत्र द्यायचं. अकरा घरांच्या सह्या. भाषा माझी बरी म्हणून मजकूर माझ्याकडे आला. लिहिलं. ही असली घाण आपल्या गल्लीत नको, आमच्या घरात मुलं आहेत, त्यांच्यावर काय परिणाम होईल, महिनाअखेर खोली रिकामी करून घ्यावी. हातानं लिहिलेलं बरं दिसत नाही, म्हणून फोटो काढून आरोहीला पाठवला. म्हटलं, जरा टाइप करून दे गं, तुझ्याकडे लॅपटॉप आहे.

सकाळी अकराला पाठवला, तिचं उत्तर आलं दुपारी साडेतीनला. ऑफिसात काम असेल. पण काय सुबक करून पाठवलंय! 'ही असली घाण' काढून तिनं 'सदर भाडेकरू' लिहिलंय. 'रिकामी करून घ्यावी' च्या जागी 'अन्यत्र सोय करण्याबाबत विनंती करावी'. शिकलेल्या पोरीची गोष्टच वेगळी. मी रोशनीला अभिमानानं दाखवलं. आरोहीला अंगठा पाठवला, वर 'गुणाची माझी बाय' लिहिलं. तिनं वाचलं, काही उलट लिहिलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

पत्र दिलं. चौघी गेलो होतो, दाराबाहेर उभ्या. लतानं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. सह्या एकेक बोट ठेवून पाहिल्या. मग फक्त मला म्हणाली, "हे टाइप कोणी केलं?"

"आरोहीनं."

लतानं पत्राची घडी घातली. म्हणाली, "तू तिच्याकडून करून घेतलंस?"

आता यात काय एवढं? माझी पोरगी, माझं काम केलं. पण तिनं दार लावून घेतलं. आमच्या तोंडावर. बावीस वर्षांत!

१५ एप्रिल, मंगळवार

आरोही फोन उचलत नाही. मेसेजवर 'मीटिंग', 'नंतर', 'डोकं दुखतंय'. मी दिवसातून कितीदा तिचा 'लास्ट सीन' बघते ते लिहायची लाज वाटते. काल यांना म्हटलं, पुण्याला जाऊन येऊ या का? पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जरा थांब. आणि पत्राचं तिच्याकडे परत बोलू नको." पत्राचा काय संबंध? यांना विचारलं तर आंघोळीला गेले. संध्याकाळची आंघोळ हे कधीपासून करायला लागले?

१८ एप्रिल, शुक्रवार

पिंपळगावचं स्थळ आलंय. मयूर नाव, घरचं कोल्ड स्टोरेज, मुलगा हसरा आहे फोटोत. आरोहीला पाठवला. तासाभरानं उत्तर: 'आई, नको.' मी विचारलं, का? 'नको, प्लीज. आणि यंदा कुरडईला मला जमणार नाही.'

जमणार नाही! ताप असताना आली होती ती एका वर्षी. माझा जीव टांगणीला लागलाय. कोणीतरी तिच्या मनात भरवतंय. ती सायली असेल. तिचा आवाजच मला मेला आगाऊ वाटतो. पानाच्या तळाशी लिहिलंय, छाटणीनंतर बागेला पाण्याचा ताण पडू देऊ नका. या लोकांना काय, बागेपलीकडे दुसरं जग नाही.

२० एप्रिल, रविवार

आज लताचा दिवस. गल्लीतून कोणी गेलं नाही. रोशनीनं ग्रुपवर आधीच लिहिलं होतं, 'ज्यांना जायचं त्यांनी जावं, आम्ही नाही.' हे मात्र पहाटे पाचला स्कूटर काढून गेले, कोणा मित्राला स्टँडवर सोडायचंय म्हणून.

मी सहाला गच्चीवर गेले. कपडे वाळत घालायला, दुसरं काही नाही. समोर लताच्या गच्चीवर, अर्ध्या सावलीतच, तिनं प्लास्टिक अंथरलं होतं. ती दोन मुलं होती, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. आणि दोन मुली. एकीनं तोंडाला स्कार्फ बांधला होता, नुसते डोळे उघडे, आणि ती सोऱ्या चालवत होती. दुसरी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती आणि सारखी हसत होती. त्या मुलांच्या बहिणी असतील. स्कार्फवाली डावखुरी होती बहुतेक. चष्मा खाली राहिला होता माझा, नीट दिसलं नाही. खाली जाऊन चष्मा आणावा असं दोनदा वाटलं. पाय उचलला नाही. का उचलला नाही ते मला सांगता येणार नाही. ओले कपडे तसेच बादलीत ठेवून खाली आले आणि गॅस बंद आहे का ते तीनदा पाहिलं.

हे नऊला परतले. मनगटाला पांढरं काहीतरी वाळलेलं. म्हणाले, चुना असेल. हे तंबाखू कधी खातात?

२३ एप्रिल, बुधवार

रात्री गहू भिजत घातले. आता मागे फिरता येत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार



दुपारी साळूबाई आल्या. पदराखाली ताट. लतानं त्यांना कुरडया पाठवल्या होत्या, त्यातल्या थोड्या मला द्यायला आणल्या. मी म्हटलं, तिच्या घरचं नको मला. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं.

निम्म्या कुरडया उलट्या फिरलेल्या.

मी एक उचलली. परत ठेवली. दुसरी उचलली. साळूबाई खाली बसल्या, गुडघे धरून. म्हणाल्या, "सगळ्या गल्लीनं वळखलं तिला. तूच तेवढी नाय."

"आरोही इथं आली होती? घरापासून वीस पावलांवर आली आणि माझ्याकडे आली नाही?"

"कशी येईल? तूच तर लिवलंय, असल्यांनी गल्लीत राहू नाय."

मी म्हटलं, "ती दोन मुलं तसली आहेत. आरोहीचं काय त्यात?"

साळूबाईंनी ताट माझ्याकडे सरकवलं. फ्रीज. छत्री. लताचा डबा. सगळं एकामागून एक डोक्यात येऊन पडायला लागलं. मी म्हटलं, "साळूबाई, तुम्ही आता जा." त्या उठल्या, दारात वळून म्हणाल्या, "मी बी सही केली ना त्याच्यावर. वाचून कुठं दाखवलं व्हतं मला. पण केली."

रात्रभर ते पत्र पाठ म्हणत होते मी. सदर भाडेकरू. सदर भाडेकरू.

२६ एप्रिल, शनिवार

गहू वाटले. एकटीनं. चीक गाळून पातेल्यात बसायला ठेवला.

आरोहीला सात फोन. नाही उचलला. मेसेजमध्ये काय लिहायचं ते सुचेना. लिहिलं, 'उद्या कुरडई आहे.' खोडलं. 'तू आलीस आणि मला भेटली नाहीस' लिहिलं. खोडलं. शेवटी नुसतं 'बाळा' गेलं. दोन निळ्या रेघा आल्या. मला राग आलाय, खरं सांगते. मला का नाही सांगितलं? शेजारणीला सांगायचं आणि आईला नाही? आणि लगेच वाटतं, सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? किळस येते, हेच ना. लताला म्हटलेच की.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज सुरू झाले. एकीच्या सासूबाईंना बरं नाही. एकीला सटाण्याला जायचंय. रोशनीचा सगळ्यात शेवटी: 'ताई, उद्या जमणार नाही, वाईट वाटून घेऊ नका, पण आमच्याही घरात मुलं आहेत.'

माझंच वाक्य. पत्रातलं.

२७ एप्रिल, रविवार

पाच वाजले, सव्वापाच झाले. कोणी नाही. चिकावरचं पाणी काढलं, आंबूस वास यायला लागला होता. आधण उकळत होतं आणि मी पातेल्यासमोर उभी, सोऱ्यासुद्धा नाही घरात. रडूच कोसळलं.

हे बनियनवर आले. काठी घेतली आणि म्हणाले, "ओत."

मी ओतायला लागले. ते हाटत होते, कडेनं, तळापासून, एक गुठळी होऊ देत नव्हते. तीस वर्षांत या माणसानं स्वतःचा चहा केला नव्हता.

मी म्हटलं, "कुठं शिकलात?"

"मागच्या रविवारी."

चुना नव्हताच तो. मी म्हटलं, "तुम्हालाही सांगितलं तिनं?"

"दिवाळीत. मला पण चार दिवस झोप नाही आली. ती म्हणाली, आईला मीच सांगेन, हिंमत झाली की. मग तू ते पत्र पाठवलंस." त्यांनी घाम पुसला. "ओत, थांबू नको."

साळूबाई काठी टेकत आल्या, उशीर झाला म्हणून स्वतःलाच शिव्या देत. सोऱ्या नाही म्हटल्यावर आल्या पावली लताकडे गेल्या. दहा मिनिटांनी सोऱ्या आला. पण लता नाही आली. सोऱ्या ललितच्या हातात होता.

तो दाराबाहेर थांबला. म्हणाला, "काकू, आत आणू का, की इथंच ठेवू?"

ज्याला गल्लीतून काढायला मी सह्या गोळा केल्या, तो मला आत येण्याची परवानगी मागत होता. चीक तळाला लागायला आला होता. मी म्हटलं, "आण बाबा, लवकर आण." त्यानं चपला बाहेर काढल्या, हात धुतले, आणि गच्चीवर आम्ही चौघांनी घातल्या. बऱ्याचशा तुटक्या झाल्या. मध्येच मी विचारलं, "खोली...?"

"परवा सोडतोय. इंदिरानगरला बघितलीय. लताकाकू नको म्हणत होत्या, पण रोजच्या नजरा नको वाटतात."

मला माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "चीक खाणार का?" त्यानं खाल्ला, दोन वाट्या. इतकं साधं पोरगं आहे ते, उपाशी माणसासारखं खाल्लं.

दुपारी वाटीत चीक आणि सोऱ्या घासूनपुसून लताकडे घेऊन गेले. तिनं दार उघडलं. वाटी घेतली, सोऱ्या घेतला. आत ये म्हणाली नाही.

मी म्हटलं, "लता, मला माहीत नव्हतं गं."

"माहीत असतं तर पत्र लिहिलं नसतंस, हेच ना? दुसऱ्याच्या पोरांसाठी लिहिलंच असतंस."

मी जायला वळले.

ती म्हणाली, "टाइप कोणी केलं ते मला आधीच माहीत होतं, तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू तिला पत्र पाठवलंस त्या दिवशी तिचे मला तीन फोन आले. पहिल्यांदा नुसती रडली. दुसऱ्यांदा म्हणाली, मी टाइप करत नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, काकू, करते मी. पण आईनं घाण लिहिलंय, तिथं दुसरा कुठला शब्द घालू? उद्या कोणी हे पत्र वाचलं तर माझी आई वाईट दिसायला नको." लतानं वाटी खाली ठेवली. "मी सुचवला तो शब्द. सदर भाडेकरू. मी!"

दार तिनं हळू लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

अक्षय्य तृतीयेला गल्लीत घरोघरी माहेरवाशिणी आल्यात. लताच्या वरच्या खोलीची खिडकी बंद आहे. पत्रानं आपलं काम केलं. काल टेम्पोत सामान चढताना मी खाली गेले, ललितच्या हातात कुरडयांची पिशवी दिली. लता समोरच उभी होती. माझ्याकडे पाहिलं नाही. ग्रुपवर मी लिहिलंय की माझी सही मी मागे घेते, मजकूर माझा होता आणि तो चूक होता. दोघी ग्रुपमधून गेल्या. साळूबाईंनी नातवाकडून लिहून घेतलं, 'माझी पण.'

दुपारी आरोहीला फोन लावला. सकाळपासून एकच वाक्य घोकत होते. तिसऱ्या रिंगला उचलला, पण आवाज तिचा नव्हता.

"काकू, मी सायली. आरोही खाली गेलीय, सिलिंडरवाला आलाय."

घोकलेलं वाक्य आरोहीसाठी होतं, हिच्यासाठी काही तयारच नव्हतं. मी म्हटलं, "जेवलीस का तू?"

ती म्हणाली, "नाही काकू. आज सणाचं काही केलंच नाही आम्ही."

"कुरडया तळता येतात का?"

"करपवते मी."

"तेल चांगलं तापू द्यायचं, मग आच कमी करायची. पाठवते मी डबा. थोड्या तुटक्या आहेत यंदा."

ती हसली नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग दार वाजलं, आरोहीचा आवाज, कोण आहे गं? सायली म्हणाली, "काकू, आली ती. देते हं तिला, मी आत जाते."

मी म्हटलं, "दे. पण तू जाऊ नको. तिथंच थांब तिच्याजवळ."